श्रवणवर्गासाठी टीव्हीची निवड : प्रकल्प नोंदी, ग्वाल्हेर

२८ सप्टेंबर २०२५

लष्कर भागातील आमच्या गायनवर्गात दर रविवारी श्रवणवर्ग भरतो. जुन्या मैफिलीचे चित्रमुद्रण लावायचे, हव्या त्या जागी थांबवायचे, तीच जागा पुन्हा ऐकायची आणि मग प्रत्येकाने ती गळ्यातून काढून पाहायची, अशी त्याची रीत आहे. आजवर हे सारे एका लॅपटॉपवर चालत आले. पुढे बसणाऱ्यांना गायकाचा चेहरा दिसतो. मागच्यांना ना तबलजीची बोटे दिसतात, ना डग्गा ऐकू येतो. कार्यकारिणीने आज टीव्ही घेण्यास मंजुरी दिली असून संच, स्टँड, वायरी आणि लागल्यास आवाजाची जोडसाधने हे सर्व ३२,००० रुपयांत बसवायचे आहे. परीक्षणाचे काम माझ्याकडे आणि तबल्याच्या सरांकडे सोपवले आहे. डिसेंबरात शहरात तानसेन समारोह हा संगीतोत्सव असतो आणि त्यानंतर वर्गात त्याच मैफिलींची चर्चा चालते, म्हणून नोव्हेंबर संपेपर्यंत संच लागलेला असावा, अशी सर्वांची इच्छा आहे.

खजिनदार काकांनी एक गोष्ट आवर्जून लिहून ठेवायला सांगितली. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. करापूर्वीची किंमत तीच राहिली, तर १२८ रुपयांना मिळणारी वस्तू ११८ रुपयांना मिळायला हवी, म्हणजे विक्रीची किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरायला हवी. दिवाळीच्या तोंडावर दुकानदार जी सूट सांगतील तिच्यातून एवढा भाग आधी वजा करायचा आणि उरेल तीच सूट मानायची.

दालनाची मापे घेतली. पहिली ओळ पडद्यापासून दोन मीटरवर बसते, शेवटची चार मीटरवर. दालन जितके खोल आहे त्याहून जास्त रुंद असल्याने कडेला बसणाऱ्यांची नजर पडद्यावर बरीच तिरकी पडते. पश्चिमेला उंच खिडक्या आहेत, खाली दगडी फरशी आणि त्यावर सतरंजी आहे. वर्गाच्या वेळी ट्यूबलाइट सुरू असतात, कारण मुले वहीत लिहून घेतात. टीव्ही अंधारात पाहायचा नाही, ही बाब पुढच्या सगळ्या परीक्षणाला लागू आहे.

४ ऑक्टोबर

दुकानात पाऊल टाकण्याआधी आकार आणि पिक्सेल यांचा हिशेब कागदावर मांडला. निरोगी डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग एवढा कोन सुटा ओळखता येतो, असे साधारणपणे धरले जाते. चार मीटरवर तो कोन १.१६ मिलिमीटर भरतो. ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते. तिच्यात १९२० पिक्सेल बसवले तर एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा होतो आणि ३८४० बसवले तर पाव मिलिमीटरचा. म्हणजे फुल एचडीचे पिक्सेलसुद्धा १.७ मीटरच्या पलीकडे सुटे दिसत नाहीत, आणि आमची पहिलीच ओळ दोन मीटरवर आहे. त्यातून आमची जुनी मुद्रणे फार तर ७२० बाय ५७६ पिक्सेलची, पुष्कळदा त्याहूनही कमी. तेव्हा संच ४के (रुंदीत ३८४० पिक्सेलचा) मिळाला तर नाकारायचा नाही, पण केवळ त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजायचे नाहीत, असे ठरले. आमच्या दृष्टीने खरा प्रश्न हा आहे की कमी पिक्सेलचे चित्र मोठ्या पडद्यावर ताणताना संच त्याचे काय करतो.

पडद्यावर आम्ही बंदिशींची स्वरलिपीही दाखवतो. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या सप्तकातील) स्वराखाली टिंब आणि तार (वरच्या सप्तकातील) स्वरावर टिंब असते. १९१८ साली भातखंडे यांच्याच पुढाकारातून माधव संगीत महाविद्यालय उभे राहिलेल्या या शहरात मुले ही लिपी सहज वाचतात, परंतु टिंब दिसले नाही तर मंद्र निषाद आणि मध्य निषाद यांत फरकच उरत नाही. शेवटच्या ओळीतून टिंब नि:शंक दिसायचे असेल तर त्याचा व्यास दोन-तीन मिलिमीटर तरी हवा आणि अक्षरही त्या मानाने मोठे हवे. तीनतालाच्या सोळा मात्रा एका ओळीत मांडल्या, तर ४३ इंची पडद्यावर एका मात्रेला जेमतेम सहा सेंटिमीटर जागा येते आणि ५० इंचीवर सुमारे सात. एका मात्रेत चार स्वर आले की दोन्हीकडे दाटी होणार. ५० इंचाला पहिली पसंती, बाकीचे गुण पाहून ४३ चाही विचार, अशी नोंद करून ठेवतो.

८ ऑक्टोबर

परीक्षणासाठी पेनड्राइव्ह तयार केला. दुकानात जी चित्रे लावलेली असतात ती संच खपावा म्हणून निवडलेली असतात: संथ हालणारी फुले, रात्रीचे दिवे, रंगीत पक्षी. वाईट संचावरही ती देखणी दिसतात. आपण जे पाहणार आहोत तेच लावून पाहिले पाहिजे.

त्यात एक सपाट करडे चित्र आहे, ज्यावर पॅनेलचे डाग आणि पट्टे उघडे पडतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चढत जाणारी पट्टी आहे. तिच्यात पायऱ्या दिसल्या तर रंगछटांची गुळगुळीत चढण त्या संचाला पेलत नाही, असे समजायचे. पूर्ण काळ्या पार्श्वभूमीवर लहान पांढरा चौकोन, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेली एक बंदीश आणि तिची स्वरलिपी, एका जुन्या मैफिलीचा निकृष्ट प्रतीचा तुकडा आणि अलीकडच्या मैफिलीचा चांगला तुकडा, असे बाकीचे साहित्य आहे. सर्वांत उपयोगी पडेल ते आम्ही स्वतः दालनात चित्रित केलेले: गाणे शिकवणाऱ्या बाईंचा षड्ज, वर्गाचा काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) मिळवलेला तानपुरा, आणि सरांचा विलंबित व द्रुत तीनताल. त्या तानपुऱ्याच्या भोपळ्याचा तपकिरी रंग आणि डग्ग्याच्या तांब्याची लाली आम्हाला रोज दिसते. पडद्यावर ती चुकली तर मोजमापाचे यंत्र लागणार नाही.

११ ऑक्टोबर

सिटी सेंटर भागातील एका मोठ्या शोरूममध्ये सर आणि मी गेलो. विक्रेत्याने पेनड्राइव्ह लावायला आधी नकार दिला. व्यवस्थापकांशी बोलल्यावर परवानगी मिळाली. ओळीने लावलेले सगळे संच दुकानाच्या झगझगीत प्रकाशाला तोंड देतील अशा भडक चित्रमोडवर होते. त्या मोडमध्ये पांढरा रंग निळसर होतो, कारण निळसर पांढरा डोळ्याला जास्त उजळ वाटतो. चित्रमुद्रणाचे रंग ज्या पांढऱ्याला धरून ठरवलेले असतात तो सुमारे ६५०० केल्विन रंगतापमानाचा असतो, आणि स्वस्त संचांत त्याच्या जवळ जाणारा मोड सहसा ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ या नावाने असतो. तो लावल्यावर विक्रेता म्हणाला, ‘सर, पिवळं दिसतंय.’ मिनिटभरात डोळा सरावला आणि बाईंच्या चेहऱ्याचा रंग चेहऱ्यासारखा दिसू लागला. भडक मोडमध्ये त्याच चेहऱ्यावर नारिंगी तकाकी होती आणि डग्ग्याचे तांबे कुंकवाकडे झुकले होते. हा मोड बदलल्याशिवाय दोन संचांची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

आता शिरोरेखेची परीक्षा. काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या देवनागरी अक्षरांच्या जवळ जाऊन पाहिले, तेव्हा बहुतेक संचांवर शिरोरेखेच्या वरखाली एक करडी सावली दिसली, जणू प्रत्येक रेघेला जोडीला दुसरी फिकट रेघ आहे. शार्पनेस वाढवून ठेवल्याचा हा परिणाम असतो: संच कडा शोधतो आणि तिच्या बाजूला कृत्रिम उजेड-अंधार भरतो. शार्पनेस कमी करत नेला तशी सावली गेली. एका संचावर मात्र तो शून्यावर आणूनही सावली राहिली, आणि स्वरलिपीतील कोमल गांधाराखालची रेघ त्या सावलीत मिसळून दुहेरी दिसू लागली. तो संच यादीतून काढला. हीच सावली जुन्या मुद्रणात गायकाच्या खांद्याभोवती पांढऱ्या कडेसारखी दिसते, पण चेहऱ्यापेक्षा अक्षरांवर ती चटकन पकडता येते.

१२ ऑक्टोबर

खोक्यांवरच्या चिन्हांबद्दल थोडेसे. एचडीआर १० किंवा डॉल्बी व्हिजन (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेल्या चित्राचे संकेत) असे लिहिलेले असले तर संच तो संकेत स्वीकारतो, इतकेच कळते. असे मुद्रण सहसा १००० निट (पडद्याच्या तेजाचे एकक) किंवा त्याहून अधिक तेज धरून तयार केलेले असते. आमच्या किमतीतील संच २५० ते ३५० निटच्या आसपास थांबतात आणि त्यांच्या बॅकलाइटचे (पडद्यामागच्या दिव्यांचे) भाग स्वतंत्रपणे मंद होत नाहीत, त्यामुळे वरचे सगळे तेज दाबून खाली बसवावे लागते. डॉल्बीचे ध्वनिचिन्हही संकेत उलगडण्याबद्दल आहे, स्पीकरबद्दल नाही. आमच्या मुद्रणांपैकी एकही एचडीआर नाही. विषय संपला.

१६ ऑक्टोबर

दौलतगंजातील एका लहान दुकानात दोन तास मिळाले. वर्गातील एका मुलीच्या मामांचे हे दुकान असल्याने त्यांनी मोकळेपणाने हवे ते लावू दिले, आणि पॅनेलचा मुख्य प्रश्न येथे सुटला.

या किमतीत दोन प्रकारची पॅनेल मिळतात. आयपीएस प्रकारात पांढऱ्या-काळ्याचे गुणोत्तर साधारण एक हजारास एक असते, पण तिरके पाहिले तरी रंग टिकतात. व्हीए प्रकारात ते गुणोत्तर तीन ते पाच हजारास एक जाते, काळा रंग खरोखर काळा दिसतो, पण कडेने पाहिल्यावर चित्र फिके पडते. अंधाऱ्या खोलीत समोर बसून पाहणाऱ्याने व्हीए घ्यावा, हा सल्ला योग्यच आहे. तो आमच्या दालनाला लागू पडतो का, हे पाहायचे होते.

हिशेब असा मांडला. पडद्याचे पांढरे २५० निट धरले, तर आयपीएसचे काळे पाव निट आणि चार हजारास एक गुणोत्तराच्या व्हीएचे काळे सुमारे ०.०६ निट होते. आमच्या ट्यूबलाइटचा पडद्यावर पडणारा प्रकाश १०० लक्स (पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) धरला आणि त्यातील दोन टक्के पडद्यावरून सगळीकडे विखरून परत येतो असे मानले, तर त्या परावर्तनाचे तेज ०.६४ निट भरते. ते दोन्ही काळ्यांत मिळवायचे. मग आयपीएसचे गुणोत्तर २८० च्या आसपास येते आणि व्हीएचे ३५५ च्या आसपास. अंधारातली चौपट तफावत दिवा लावल्यावर सव्वापटीवर येते. लक्स आणि टक्के हे आकडे अंदाजाचे आहेत, पण ते थोडे वरखाली केले तरी निष्कर्ष तोच राहतो: दिवे लावून पाहणाऱ्यांना व्हीएच्या गडद काळ्याचा फायदा फारसा मिळत नाही, तोटा मात्र पूर्ण मिळतो.

तो तोटा डोळ्यांनी पाहिला. ५० इंची व्हीए संचासमोर सर मध्यभागी बसले आणि मी आमच्या कडेच्या जागेइतका बाजूला सरकलो. सरांना बाईंच्या शालीच्या घड्या दिसत होत्या. मला शाल सपाट करडी दिसत होती आणि चेहऱ्याचा रंग उतरला होता. आम्ही जागा बदलल्या आणि सरांनीही तेच सांगितले. शेजारच्या ४३ इंची आयपीएस संचावर कडेने चित्र किंचित मंद झाले, रंग मात्र जागेवर राहिले. मामांनी सांगितले की ५० इंचात त्यांच्याकडे जे येते ते जवळजवळ सगळे व्हीएच असते, आणि ५५ इंची आयपीएस आमच्या रकमेत बसत नाही.

म्हणजे निवड अशी उरते: मोठा पडदा जो कडेच्यांना नीट दिसणार नाही, की लहान पडदा जो सगळ्यांना सारखा दिसेल. माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. स्वरलिपी सोळाऐवजी आठ-आठ मात्रांच्या ओळीत मांडता येते, आणि तीनताल तसा लिहिलेला वाचायलाही सोपा जातो. कडेला बसलेल्या मुलीला मात्र मध्यभागी आणता येत नाही, कारण मध्यभागी दुसरे कोणीतरी बसलेलेच असते.

२६ ऑक्टोबर

दिवाळीमुळे काम थांबले होते. आज मामांनी ४३ इंचाचे दोन वेगवेगळ्या बनावटीचे आयपीएस संच दालनात आणून दिले आणि दोन आठवडे ठेवू दिले. पहिला संच आणि दुसरा संच असाच त्यांचा उल्लेख पुढे करतो.

सपाट करड्या चित्रावर पहिल्या संचाच्या उजव्या बाजूला एक गडद उभा पट्टा दिसतो. स्थिर चित्रात तो लक्षात येत नाही, पण कॅमेरा मंचावरून सावकाश फिरला की मागचा पडदा त्या पट्ट्याखालून सरकताना दिसतो. दुसऱ्या संचावर कोपरे किंचित मळकट आहेत, मधला भाग स्वच्छ आहे. काळ्या चित्रावर, दिवे मालवून, दोन्हींच्या खालच्या कडेने उजेड झिरपतो. दिवे लावले की तो दिसेनासा होतो.

२ नोव्हेंबर

आजचा दिवस आवाजासाठी होता. दोन्ही संचांत दहा-दहा वॅटचे दोन स्पीकर आहेत, दोन्हींचे तोंड खाली आहे. सरांनी पडद्याकडे पाठ करून ऐकले, म्हणजे कोणता संच वाजतो आहे ते त्यांना कळू नये. बाई मागच्या ओळीत बसल्या.

आधी तानपुरा. काळी एकच्या पट्टीत मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, मंद्र पंचम १०४ चा आणि खर्ज (मंद्र षड्ज) ६९ चा असतो. एवढ्याशा स्पीकरमधून साधारण १५० हर्ट्झच्या खाली आवाज झपाट्याने उतरतो, म्हणजे तानपुऱ्याच्या चारही तारांचे मूळ कंपन त्या रेषेखाली जाते. तरीही बाईंनी पहिल्या दोन आवर्तनांतच सांगितले की खर्ज ऐकू येतो आणि सुरात आहे. याचे कारण जवारीत, म्हणजे तार घोडीवर हलकेच घासत राहावी अशा जुळणीत, आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणा यांच्या रुंद, वक्र घोडीचा अभ्यास करून दाखवले की तार घोडीला घासून कंप पावत असल्याने तिच्यातून वरच्या स्वयंभू स्वरांची (मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या उंच स्वरांची) विपुल मालिका निघते. ते वरचे स्वर टीव्हीच्या स्पीकरला सहज झेपतात आणि त्यांच्या परस्पर अंतरावरून कान मूळ स्वर ओळखून घेतो. म्हणून सुराची परीक्षा टीव्हीवरही होते. हरवते ते खर्जाचे वजन. आम्ही मुद्दाम खर्ज किंचित उतरवून केलेले दुसरे मुद्रण लावले, तेव्हा बाईंनी तेही दोन्ही संचांवर लगेच ओळखले.

डग्ग्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या घुमाऱ्याची बहुतेक शक्ती शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असते, आणि वर भर घालणारे स्वयंभू स्वर तानपुऱ्याइतके नसतात. विलंबित तीनतालात सर मनगट दाबून डग्ग्यावर जी मींड (स्वराची सलग घसरण) घेतात ती टीव्हीवर जवळजवळ नाहीशी झाली. ‘ना’ आणि ‘तिं’ स्वच्छ आले, ‘धा’ मधला डग्गा निव्वळ टकटक झाला. आवाज वाढवला तर पहिल्या संचाची प्लास्टिकची पाठ विशिष्ट स्वरांना झणझणू लागली. पाठीवर तळहात ठेवला की झणझण थांबे, काढला की सुरू होई. सर म्हणाले, ‘अहो, हा ठेका मुलांना ऐकवला तर खाली आणि भरी यांतला फरक त्यांना कानाने कळणारच नाही.’ भरीच्या मात्रांत डग्गा घुमतो, खालीच्या मात्रांत घुमत नाही. तालाचे शिक्षण देणाऱ्या वर्गासाठी ही उणीव गौण नाही. टीव्हीच्या आतले स्पीकर कोणत्याही संचाचे असले तरी या किमतीत हे काम करणार नाहीत, तेव्हा आवाजासाठी वेगळी तजवीज हवी, असे आम्हा तिघांचे मत झाले.

ध्वनीचे मेनू पाहताना आणखी एक दोष सापडला, जो कोणत्याही स्पीकरने सुधारणार नाही. दोन्ही संचांत आवाजाची पातळी आपोआप सारखी राखण्याची सोय कारखान्यातूनच चालू होती. बातम्यांनंतर जाहिरात मोठ्याने येऊ नये म्हणून ती ठीक आहे. आलापात मात्र गायक श्वासासाठी थांबला की संच गप्प जागा भरून काढायला आवाज वाढवतो आणि तानपुरा अचानक पुढे येतो; गायकाने स्वर लावला की तानपुरा मागे ढकलला जातो. आलापातल्या विरामाला अर्थ असतो आणि तो इथे पुसला जातो. ही सोय बंद करता येणे ही माझ्या मते खरेदीची अट असावी. पहिल्या संचात ती बंद केल्यावरही संच बंद-चालू केला की पुन्हा चालू होते. दुसऱ्यात बंद केलेली बंदच राहते. सराउंडचा परिणाम दोन्हींत बंद केला. त्याने तानपुरा दालनभर पसरतो आणि षड्ज एका जागी उभा राहत नाही.

५ नोव्हेंबर

वर्गाकडे वार्षिक कार्यक्रमासाठी घेतलेला जुना अॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर आहेत. तेच वापरायचे ठरले. अॅम्प्लिफायरला एचडीएमआय नाही, त्यामुळे टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमधून निघणारा डिजिटल आवाज ॲनालॉग करणारी एक छोटी डबी मध्ये लागली. सुरुवातीला अॅपमधील एका कार्यक्रमाला आवाजच येईना, कारण टीव्ही डॉल्बीचा संकेत तसाच पुढे पाठवत होता आणि डबीला तो उलगडता येत नाही. ध्वनी-निर्गमाच्या मेनूत ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) निवडल्यावर सर्व काही वाजू लागले. जुना अॅम्प्लिफायर जोडू पाहणाऱ्यांनी हा पर्याय संचात आहे की नाही ते विकत घेण्याआधी मेनू उघडून पाहावे. ऑप्टिकलमधून पातळी कायम एकच निघते, म्हणून आवाज टीव्हीच्या रिमोटवर बदलत नाही, अॅम्प्लिफायरच्या बटणावर बदलतो. आमच्या वर्गात ते सोयीचेच आहे.

डग्गा परत आला. सरांनी मींडेची तीच जागा पुन्हा पुन्हा ऐकली.

वायरीऐवजी ब्लूटूथ वापरावे अशी एका विद्यार्थ्याची सूचना होती, म्हणून तेही पाहिले. दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज चित्राच्या मागे सुमारे १२५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त पडला की प्रेक्षकाला तो जाणवू लागतो. साध्या ब्लूटूथवर विलंब दीडशे ते दोनशे मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो. काही अॅप चित्र तेवढे थांबवून तो झाकतात, पेनड्राइव्हवरून वाजवताना या संचाने तसे केले नाही. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांचा असेल तर एक मात्रा पाव सेकंदाची होते, म्हणजे १२५ मिलिसेकंद ही अर्धी मात्रा झाली. बोट तबल्यावर पडताना दिसते आणि बोल अर्ध्या मात्रेनंतर ऐकू येतो. ब्लूटूथचा विचार सोडला.

९ नोव्हेंबर

गतीची परीक्षा. आपल्याकडील दूरचित्रवाणीची जुनी मुद्रणे सेकंदाला २५ चित्रांची, प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विभागलेले, अशी असतात. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, पडद्यावर २५ चित्रे समान वाटणीने बसत नाहीत. काही चित्रे तीनदा दाखवली जातात, काही दोनदा, आणि कॅमेरा फिरताना चित्र अडखळते. दुसरा संच सेट-टॉप बॉक्सकडून ५० हर्ट्झचा संकेत आला की पडदाही ५० वर नेतो. आतल्या अॅपमधून तेच मुद्रण लावले तर पडदा ६० वरच राहतो आणि अडखळ दिसते. पहिला संच दोन्हीकडे ६० वरच राहतो.

ही अडखळ घालवण्यासाठी मधली चित्रे स्वतः रचून भरण्याची सोय दुसऱ्या संचात आहे. सरांच्या द्रुत तिरकिटवर ती लावली तेव्हा बोटांभोवती पारदर्शक पडद्यासारखे काही तरळू लागले आणि तर्जनी शाईवर (मधल्या काळ्या भागावर) पडते की किनारीवर, ते कळेना. सोय बंद केल्यावर बोटे अडखळत का होईना, पण आहेत तिथे दिसली. तबला शिकणाऱ्याला बोटांची जागा हवी असते, गुळगुळीतपणा नको असतो. याच कारणाने डिजिटल आवाजकपात, म्हणजे चित्रातील खरखर पुसण्याची सोय, कमीत कमी पातळीवर ठेवली. जास्त ठेवली की जुन्या मुद्रणातील खरखरीबरोबर तानपुऱ्याच्या ताराही पुसल्या जातात.

पुष्कळ जुन्या मुद्रणांत हलत्या बोटांवर कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. दोन अर्धी चित्रे न जुळवता मुद्रण इंटरनेटवर चढवले की त्या कायमच्या चित्रात उतरतात आणि कोणताही टीव्ही त्या काढू शकत नाही. त्यासाठी संचाला दोष देऊ नये. सशुल्क सेवांसाठी वाइडवाइन या नक्कल-संरक्षण प्रणालीची एल१ मान्यता आहे का, तेही मेनूत पाहिले. नसेल तर बहुतेक सेवा ४८० ओळींच्या पुढे चित्र देत नाहीत. दुसऱ्या संचात ती आहे.

१५ नोव्हेंबर

दुसरा संच घेतला. डबी, ऑप्टिकल वायर आणि स्टँड धरून रक्कम मंजुरीच्या आत राहिली. मामांनी परीक्षणाचा संच न देता बंद खोक्यातील नवा दिला. एकाच मॉडेल क्रमांकाखाली वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेल येऊ शकतात, म्हणून आणून देणारा मुलगा दालनात असतानाच खोके उघडले, काळे-पांढरे-लाल-हिरवे-निळे पडदे लावून मेलेला पिक्सेल आहे का ते पाहिले, करड्या चित्रावर पट्टे पाहिले आणि पांढऱ्या भागावर भिंग धरले. लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या बाणाच्या टोकासारख्या वाकलेल्या दिसल्या. परीक्षणाच्या आयपीएस संचावरही तशाच होत्या, म्हणजे पॅनेल त्याच प्रकारचे आहे. कडेच्या जागी बसून एकदा खात्री केली आणि मग सही केली.

२३ नोव्हेंबर

संच स्टँडवर अशा उंचीला ठेवला आहे की पडद्याचा मध्य सतरंजीवर बसलेल्याच्या डोळ्यांच्या थोडा वर येतो, पुढच्याचे डोके मागच्याच्या आड येत नाही. भिंतीवर उंच टांगण्याचा प्रस्ताव होता. तासभर मान वर करून मुले बसणार नाहीत, म्हणून तो नाकारला. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून हातभर पुढे आहेत. भिंतीला चिकटवले तेव्हा डग्गा गरजेपेक्षा फुगत होता आणि दगडी फरशीवरून घुमत होता.

सेटिंग कागदावर लिहून संचाच्या पाठीवर चिकटवली: सिनेमा मोड, रंगछटा उबदार, शार्पनेस शून्याच्या जवळ, गतीची सोय बंद, चित्रातील आवाजकपात कमीत कमी, आवाजाची आपोआप पातळी बंद, सराउंड बंद, निर्गम पीसीएम. सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर यांतील काही मूळपदावर जाऊ शकतात, म्हणून महिन्याच्या पहिल्या वर्गाआधी सरांनी कागद हातात घेऊन मेनू तपासायचा आहे.

आजच्या वर्गात शेवटच्या ओळीतील मुलींनी मंद्र निषादाखालचे टिंब वाचून दाखवले. डाव्या कडेच्या दोघांनी चित्र मंद दिसते असे सांगितले, ते खरे आहे; बॅकलाइट थोडा वाढवला. चार वाजल्यानंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येते आणि त्या वेळी गडद मंचावरचे काहीच दिसत नाही. जाड पडद्याचे कापड खजिनदार काका पुढच्या आठवड्यात आणणार आहेत. बंदिशींच्या जुन्या पानांची आठ मात्रांच्या ओळीत पुन्हा मांडणी करण्याचे काम बाईंनी मोठ्या विद्यार्थिनींमध्ये वाटून दिले आहे, आणि यमनची पाने आधी व्हायची आहेत.